तोतया आणि शिक्कामोर्तब

चोरी म्हटली की फोडलेले कुलूप, उचकटलेली कडी, नाहीतर गर्दीत कापलेला खिसा आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु मनुष्याजवळ अशीही एक चीज आहे, की ती चोरीस गेली तरी घरातली एक वाटीसुद्धा हललेली दिसत नाही. ती चीज म्हणजे त्याची ओळख. आपले नाव, आपली सही, आपला अंगठा आणि या सर्वांच्या जोरावर चार लोकांत चालणारी आपली पत दुसऱ्याने उचलली आणि स्वतःची म्हणून वापरली, तर त्याचा पत्ता आपल्याला पुष्कळदा महिनोन्‌महिने लागत नाही. लागतो तो, न काढलेल्या कर्जाचा तगादा दाराशी आल्यावर. हल्ली हा गुन्हा दूरध्वनीवरून आणि संगणकावरून होत असल्यामुळे तो केवळ या युगाचे अपत्य आहे असा समज पसरला आहे. आम्हांला तो समज मान्य नाही. साधने नवी आहेत. युक्ती फार जुनी आहे. महाराष्ट्राने तर या युक्तीचा एवढा मोठा प्रयोग पाहिला आहे, की त्याने एकदा पेशव्यांच्या गादीलाच धक्का दिला होता. ‘तोतया’ हा शब्द आपल्याकडे लहान मुलालाही समजतो याचे श्रेय बरेचसे त्या प्रकरणाला आहे, आणि न. चिं. केळकरांनी १९१३ साली ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले तेही त्यावरच. ते प्रकरण आज पुन्हा सांगावयाचे ते करमणुकीसाठी नव्हे. मनुष्य तोतयाला का फसतो आणि त्यापासून बचाव कशाने होतो, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत, म्हणून.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. विश्वासराव गोळी लागून पडले. सदाशिवरावभाऊ, म्हणजे चिमाजी अप्पांचे चिरंजीव आणि आदल्याच वर्षी उदगीरला विजय मिळविलेले सेनापती, हे शत्रूच्या गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने पुढे १७८० मध्ये या युद्धाचा वृत्तांत लिहिला. रणांगणावर मस्तक नसलेले एक धड सापडले आणि ते भाऊसाहेबांचे असल्याचे अंगावरील खुणांवरून ठरविण्यात आले, असे तो सांगतो. त्या खुणांत पाठीवरच्या जुन्या कट्यारीच्या जखमेचा वणही होता. म्हणजे पुरावा होता, आणि तो चेहऱ्यापेक्षा पक्का होता. पण तो पानिपतावर होता. पुण्यात आणि कोकणात जे पोचले ते पुराव्यावाचून पोचले. कोणी म्हणाले भाऊ पडले, कोणी म्हणाले ते जखमी होऊन निसटले आणि कोठे तरी बैराग्याच्या वेषाने हिंडत आहेत. ज्या घराघरांतून माणसे पानिपतावर गेली आणि परतली नाहीत, त्या घरांना दुसरी बातमीच गोड वाटली यात नवल नाही. खुद्द भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून परत आल्या होत्या. आपला पती मेला हे त्यांनी कधीच मानले नाही आणि १७८३ साली देह ठेवीपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत.

अशा वाट पाहणाऱ्या महाराष्ट्रात तोतया आला. तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण होता. त्याची आणि भाऊसाहेबांची चेहरेपट्टी मिळतीजुळती होती, एवढेच त्याचे भांडवल. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत तो उत्तरेत प्रगट झाला, पकडला गेला, चौकशीत खोटा ठरला आणि कैदेत पडला. माधवराव समर्थ होते, दरबार एकमुखी होता, म्हणून प्रकरण तेवढ्यावर मिटले. वर्षे गेली. माधवराव १७७२ मध्ये वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. १७७४ साली सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि त्या तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभारी राज्य चालवू लागले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले, कारभाऱ्यांत आपसांत संशय, खजिन्यावर युद्धाचा ताण. अशा वेळी, १७७६ साली, रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्या ताब्यातील या कैद्याला बाहेर काढले आणि ‘हेच भाऊसाहेब’ म्हणून पुढे केले.

मग जे झाले ते विलक्षण होते. थोड्याच काळात हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. कोकणातील एकामागून एक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले आणि त्याची फौज बोरघाटापर्यंत येऊन ठेपली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना त्याच्यावर चालून जावे लागले. फौज मोडली. तोतया समुद्राकडे पळाला, आणि इंग्रजांचा आसरा गाठण्याच्या खटपटीत असता रघोजी आंग्र्यांनी त्याला धरले. पुण्यास आणून त्याची उघड चौकशी झाली आणि १७७६ साल संपण्यापूर्वी त्याला देहान्त शासन झाले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. हे हजारो लोक मूर्ख होते काय? किल्लेदार, जमीनदार, शिपाई, जन्मभर माणसे पारखण्यात गेलेली ही मंडळी. शिवाय एकदा चौकशी होऊन खोटा ठरलेला मनुष्य त्यांच्यापुढे उभा होता. तरी ती फसली. काही फसली नसतील त्यांनी फसून घेतले. आमच्या मते याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण आशा. ज्याला एखादी गोष्ट खरी व्हावी असे मनापासून वाटते, त्याची परीक्षा ढिली पडते. पंधरा वर्षांत चेहरा बदलतो, हाल सोसले की वाणी बदलते, कैदेत आठवण जाते. प्रत्येक विसंगतीला उत्तर तयार होते, आणि ती उत्तरे तोतयाला द्यावी लागत नव्हती. लोकच ती त्याच्या वतीने देत होते. दुसरे कारण भीती. हा खरोखरीच भाऊसाहेब असला आणि आपण दार उघडले नाही, तर उद्या आपली गत काय? किल्ल्याच्या दरवाज्यावर उभ्या असलेल्या किल्लेदाराला विचार करावयास सवड नसते. तिसरे कारण हे की, ज्याच्याकडे खातरजमा करावयाची त्या पुण्याच्या दरबाराबद्दलच लोकांच्या मनात किंतु होता. खरे सांगणाऱ्यावर विश्वास नसला की खोटे सांगणाऱ्याचे फावते.

आजच्या तोतयाची बोलणी ऐकली तर ही तिन्ही कारणे जशीच्या तशी सापडतील. ‘तुम्हांला बक्षीस लागले आहे’ ही आशा. ‘तुमचे खाते आज रात्री बंद होईल’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत’ ही भीती. आणि ‘ही गोष्ट घरात कोणाला बोलू नका, फोन ठेवू नका’ हे खातरजमेचे दार लावून घेणे. आजचा तोतया एक पायरी पुढे मात्र गेला आहे. तो आधी मोठ्या माणसाची ओळख पांघरतो, बँकेच्या अधिकाऱ्याची, पोलिसाची, न्यायाधीशाची; आणि त्या बळावर आपल्यासारख्या सामान्य माणसाची ओळख काढून घेतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा जो प्रकार अलीकडे गाजला, त्यात वृद्ध माणसांना दिवसचे दिवस दूरध्वनीच्या पडद्यासमोर बसवून त्यांची आयुष्याची पुंजी नेण्यात आली. भारतीय कायद्यात दूरध्वनीवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद नाही, एवढी एक गोष्ट ठाऊक असती तर त्यांतले कित्येक वाचले असते.

आता बचावाकडे वळू. आपल्या पूर्वजांनी माणसाच्या चेहऱ्यावर कारभार चालविला नाही; तो कागदावर चालविला, आणि कागद खोटा होऊ शकतो हे ते पुरते जाणून होते. शिवकालीन किंवा पेशवेकालीन पत्र हाती घेतले तर याची साक्ष पटते. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब असे. शिवाजीमहाराजांच्या मोर्तबावर ‘येथे मर्यादा शोभते’ अशा अर्थाची संस्कृत अक्षरे आहेत. पुढे ‘लेखनसीमा’ अशी अक्षरे असलेली मोर्तबेही वापरात आली. मोर्तबाचे काम काय? पत्र येथे संपले, याच्या खाली कोणी अक्षर वाढवील तर ते आमचे नव्हे, हे सांगणे. कागदाचे तुकडे चिकटवून लांब पत्र केले तर पाठीमागे सांध्यावर शिक्का उमटवीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालता येऊ नये. दप्तरात पत्राची नोंद झाल्याचे शेरे कागदावर पडत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज ‘पक्के झाले’ एवढ्याच अर्थाने वापरतो. मुळात ती ओळख सांभाळण्याची तपशीलवार रीत होती.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी असे. कुणब्याने नांगर काढावा, वाण्याने तागडी, शिपाई माणसाने कट्यार, स्त्रीने बांगडी. आता नांगराचे चित्र काय कोणीही काढील! मग त्यात सुरक्षितपणा कोठे होता? तो चित्रात नव्हताच. तो महजराला बसलेल्या गोतात होता. निशाणी चारचौघांच्या देखत होई, साक्षीदारांची नावे कागदावर चढत, आणि ‘हा तोच’ असे सांगणारे डोळे पुष्कळ असत. खूण सोपी असली तरी तपासणी एकट्यावर सोपविलेली नसे. या गोष्टीचे महत्त्व आम्हांला फार वाटते, कारण आजचा तोतया आपल्याला प्रथम एकटे पाडतो आणि मग लुटतो.

तरीही कागद फसवितो. नारायणरावांच्या खुनाबद्दल ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. धरावयाचा हुकूम एका अक्षराच्या फेराने मारावयाचा झाला, अशी ती कथा. ती आख्यायिका आहे, सिद्ध इतिहास नव्हे. पण एवढ्या मोठ्या अनर्थाचे कारण म्हणून लोकांनी खोडलेले एक अक्षर कल्पिले, यावरून कागदाच्या सचोटीची त्यांना केवढी धास्ती होती ते दिसते.

माणसाच्या अंगावरचीच खूण कागदावर उमटवावी, ही कल्पना कारभारात आली ती बंगाल्यात. १८५८ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि त्यावर त्याच्या उजव्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की पुढे ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणण्याचा त्याला धीर होऊ नये. पुष्कळ वर्षे ठसे ताडून पाहिल्यावर, बोटांवरच्या रेषा माणसागणिक निराळ्या असतात आणि आयुष्यभर बदलत नाहीत, अशी हर्शेलची खात्री झाली. १८७७ मध्ये हुगळीस मॅजिस्ट्रेट असताना त्याने दस्तांच्या नोंदणीस आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस ठशाची पद्धत लावली. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने येऊन वेतन उचलावे, हा प्रकार तेथे चालत असे. म्हणजे हेही तोतयेच, फक्त लहान. पुढे १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे दप्तर स्थापन झाले. ठशांची वर्गवारी बसविण्याचे श्रेय एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेले. पण त्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांची बुद्धी आणि मेहनत होती, हे आपण विसरू नये.

आपल्या भाषेत ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याची ती हेटाळणी. कालगती पाहा, की त्याच अंगठ्याला आज सहीपेक्षा अधिक मान आला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले, आणि तेव्हापासून बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे या खुणांवर कोट्यवधी लोकांचे रेशन, वेतन आणि बँकेचे व्यवहार चालू लागले. ज्याच्यापाशी एकही कागद नव्हता अशा माणसाला यामुळे ओळख मिळाली, हा लाभ थोडा नव्हे.

परंतु अंगठ्याची एक अडचण आहे. शिक्का हरवला तर नवा कोरता येतो, परवलीचा शब्द फुटला तर दुसरा ठरविता येतो. अंगठा मात्र बदलता येत नाही. गेल्या काही वर्षांत देशाच्या काही राज्यांत असे गुन्हे उघडकीस आले, की जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांच्या प्रती मिळवून चोरांनी रबरासारख्या पदार्थाचे ठसे बनविले आणि त्यांच्या साहाय्याने परक्या खात्यांतून पैसे काढले. हर्शेलने ज्या नोंदणीच्या कागदावर रक्षणासाठी अंगठा उमटविला, तोच कागद चोराचा साचा झाला! खूण कितीही पक्की असो, ती सर्वत्र पसरून ठेवली की तिची किंमत जाते. या सगळ्या इतिहासातून आम्ही हाच धडा घेतो की, ओळखीचे रक्षण खुणेने होत नाही. खूण केव्हा द्यावी, कोणाला द्यावी आणि ती आली तर कशी तपासावी, या शिस्तीने होते.

ही शिस्त घरच्या घरी कशी पाळावी, ते आता थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट ही की, बोलावल्यावाचून आलेल्या ‘भाऊसाहेबा’ला दार उघडू नये. फोन बँकेचा आहे असे कोणी म्हटले तर तो खाली ठेवावा, आणि बँकेच्या पासबुकावर किंवा कार्डावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन विचारावे. खातरजमेचा रस्ता आपण निवडलेला असावा, समोरच्याने दाखविलेला नसावा. आवाज ओळखीचा वाटला म्हणूनही निर्धास्त राहू नये. भाच्याचा किंवा मुलाचा आवाज यंत्राने हुबेहूब काढता येतो. घरच्या माणसांनी आपसांत एखादा प्रश्न ठरवून ठेवावा, ज्याचे उत्तर बाहेर कोणाला ठाऊक नसेल.

दुसरी गोष्ट, ओटीपी हे आपले मोर्तब आहे. मोर्तब झाले की पत्र पुरे झाले. ते सहा आकडे दुसऱ्याला सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर मोर्तब करून देणे होय. बँकेचा खरा अधिकारी ते कधीही मागत नाही.

तिसरी गोष्ट कागदांची. सिमकार्डासाठी, भाड्याच्या घरासाठी, लॉजवर उतरण्यासाठी आपण आधार आणि पॅन यांच्या नकला सढळ हाताने वाटतो. नक्कल द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे, ‘अमुक कामासाठी, अमुक तारखेस’, आणि सही अक्षरांवरून न्यावी. आपल्या पूर्वजांची लेखनसीमा ती हीच. आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. तीवर काम भागत असेल तर पुरी प्रत देऊ नये. ठसे व बुबुळे यांचा उपयोग बंद करून कुलूप लावण्याची सोयही आधारच्या व्यवस्थेत आहे. रोज लागत नसेल त्याने ते कुलूप लावून ठेवावे.

चौथी गोष्ट, वहीची तपासणी. व्यापारी दिवाळीला खाते पाहतो, तसे वर्षातून एकदा आपल्या नावावर कर्जे किती आहेत ते पाहावे. पतमाहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर २०२३ पासून पाहता येते. स्वतःचा दूरध्वनी एकाएकी मुका झाला तर ‘रेंज नसेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. आपल्या क्रमांकाचे दुसरे कार्ड कोणी काढले असण्याचा संभव असतो.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फसवणूक कळताच दवंडी पिटावी. १९३० या क्रमांकावर कळवावे, बँकेला लेखी कळवावे, पोलिसांत तक्रार द्यावी. पहिल्या काही तासांत पैसा वाटेतच अडविता येण्याची शक्यता असते. दुसऱ्याची सही, परवलीचा शब्द किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी या कलमाखाली गुन्हा आहे. २००८ च्या दुरुस्तीने हे कलम आले आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा तक्रारीवाचून हलत नाही, आणि तक्रार होत नाही ती लाजेमुळे. ‘लोक काय म्हणतील, एवढा शिकलेला आणि फसला!’ या विचाराने कित्येक गृहस्थ मुलाबाळांनाही सांगत नाहीत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, ज्याने किल्लेदारांचे किल्ले घेतले त्या जातीच्या माणसाने तुम्हांला फसविले आहे. त्यात लाज तुमची नव्हे.

तोतया पकडला गेला, त्याला शासन झाले, इतिहासात प्रकरण संपले. पण त्याने केलेली एक हानी कोणत्याही शिक्षेने भरून निघणारी नव्हती. एक बाई पंधरा वर्षे पतीची वाट पाहत होती आणि एका परक्या मनुष्याने तिच्या आशेचा व्यापार मांडला. ओळख चोरणारा केवळ पैसा नेत नाही. जवळच्यांच्या मनात एकमेकांबद्दल जो सहज भरवसा असतो तो नासवून जातो. उद्या खऱ्या मुलाने अडचणीतून फोन केला तरी आईने कचरावे, अशी पाळी आणतो. तो भरवसा टिकवावयाचा असेल तर तपासण्याची रीत सगळ्यांनी मिळून पाळली पाहिजे आणि तपासल्याचा राग कोणी मानता कामा नये. ‘खात्री करून घेतो’ असे म्हणणाऱ्याला आपण आजवर संशयी समजत आलो. यापुढे त्याला शहाणा शेजारी समजावे, आणि आपल्या घरातल्या, आळीतल्या ज्या वृद्ध माणसाला विचारायला कोणी नाही, त्याच्यासाठी त्या महजराच्या साक्षीदारांपैकी एक आपण व्हावे.